जुना रंग कोरडा घासू नका

मुलुंड पश्चिमेला स्टेशनपासून पाच रस्त्यापर्यंतची रस्त्यांची चौकट १९२२ सालची, क्राउन अँड कार्टर या वास्तुरचनाकारांनी आखलेली. त्या पिढीतलं सागवानी कठड्यांचं, जाळीच्या ओसरीचं एखादं घर दुरुस्तीला निघालं की पहिला प्रश्न येतो तो साठलेल्या रंगाच्या थरांचा. उत्तर बहुतेकदा ठरलेलं असतं: मशीन लावून सगळं घासून काढू. मला सर्वांत जास्त भीती याच उत्तराची वाटते.

जुन्या तेलरंगात शिसं असे. पांढरं शिसं जवसाच्या तेलाशी संयोग पावून चिवट, लवचिक पापुद्रा तयार करतं, म्हणून रंगाऱ्यांची त्याला पसंती होती. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची सक्तीची मर्यादा आली ती थेट नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीच्या थरांत शिसं आहे, असंच धरून चालावं.

ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनमध्ये लाकडी घरांतली मुलं आजारी पडत होती. डॉ. जॉन लॉकहार्ट गिब्सन यांनी १९०४ साली त्याचं मूळ दाखवलं ते व्हरांड्याच्या कठड्यांत. कडक उन्हातली अतिनील किरणं रंगातल्या तेलाचं बंधन तोडतात आणि रंगकण भुकटी होऊन सुटतात. ती भुकटी मुलांच्या हाताला लागायची आणि बोटांवाटे पोटात जायची. ऊन आपल्याकडेही काही कमी नाही. शरीर शिशाला कॅल्शियम समजून हाडांत साठवतं, वाढत्या मेंदूपर्यंत पोचू देतं. शिशाचं निर्धोक असं कुठलंही प्रमाण जागतिक आरोग्य संघटनेला माहीत नाही.

म्हणून रंग पाण्याच्या फवाऱ्याने ओला करावा, स्क्रेपरने खरवडावा, पॉलिशपेपरही ओलाच फिरवावा. खाली जाड प्लास्टिक अंथरावं. ब्लो लॅम्प नकोच: शिशाचा धूर होतो, सागवान करपतं, जाळीमागच्या पोकळीत ठिणगी धुमसत राहते. कॉस्टिक सोडा तेलाचा साबण करून रंग सोडवतो खरा, पण लाकूड काळवंडतं, तंतू उभे राहतात आणि आत मुरलेला क्षार पुढे नवा रंगही उखडतो. डायक्लोरोमिथेनचे रिमूव्हर तर टाळाच. ते ४० अंशांच्या आसपास उकळतं, आणि बंद जागेत त्याच्या वाफेने माणसं दगावली आहेत.

शिवाय सगळा रंग काढायचाच कशाला? घट्ट बसलेला थर तसाच ठेवून पोपडे तेवढे काढावेत, कडा ओल्या पेपरने उतरत्या कराव्यात आणि वर अस्तर मारावं. काम पावसाळ्यानंतर, लाकूड पूर्ण सुकल्यावर काढावं. मात्र उघडं पडलेलं लाकूड फार दिवस उन्हात ठेवू नये. किरणांनी पृष्ठभागावरचं लिग्निन विघटित झालं की नवा रंग नीट धरत नाही.

सर्वाधिक धूळ रंगाऱ्याच्या अंगावर बसते आणि कपड्यांवरून त्याच्या घरच्या मुलांपर्यंत जाते. बारीक कण अडवणारा मास्क, जेवणाआधी हात-तोंड धुवायला साबण-पाणी, कामाचे कपडे तिथेच बदलून धुवायची सोय, हा खर्च घरमालकाने अंदाजपत्रकात आधीच धरायला हवा.