सशाचे मोल

मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषा रोज कानांवर पडत असल्या की काही शब्दांची मोठी गंमत वाटते. कन्नडमध्ये सशाला 'मोल' म्हणतात. शेवटचा 'ल' तेवढा पूर्ण उच्चारायचा. मराठीत मोल म्हणजे किंमत. हा केवळ योगायोग. परंतु ससा आणि त्याचे मोल यांचा एक अगदी खराखुरा प्रश्न ब्रिटनमध्ये उभा आहे. तेथील प्राणी-निवारा केंद्रे लोकांनी टाकून दिलेले ससे सांभाळतात आणि नव्या घरी दत्तक देतात. मात्र ससा कोणत्या घरी द्यावा आणि कोणत्या अटींवर द्यावा, याची मापे केंद्रागणिक बदलतात. वरवर पाहता हा विषय प्राणिप्रेमी मंडळींचा. पण वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने थोडे जवळून पाहिले, तर तो मापाचा, दर्जाचा आणि हिशेबाचा विषय आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

कोणता ससा?

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. आपल्या माळरानावर जो ससा टणकन उडी मारून पळतो, तो आणि पिंजऱ्यातला पांढरा ससा हे एकाच कुळातले असले तरी जातीने वेगळे. माळावरचा ससा बहुधा एकटा राहतो, बीळ खणत नाही, गवतातल्या खळग्यात बसतो. त्याची पिल्ले अंगावर केस घेऊन आणि डोळे उघडे ठेवून जन्मतात. पाळीव ससा हा युरोपातील रानसशाचा वंशज. तो जमिनीखाली बिळांचे जाळे करून कळपाने राहतो आणि त्याची पिल्ले उघडी-नागडी, मिटल्या डोळ्यांची असतात. इंग्रजीत या दोघांना दोन स्वतंत्र नावे आहेत. मराठीत आणि कन्नडमध्ये आपण दोघांनाही एकच नाव देतो.

हा फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे. कारण पाळीव सशाच्या गरजा त्या कळपातल्या जीवनातून आलेल्या आहेत. त्याला सोबत लागते, धावायला जागा लागते, लपायला आडोसा लागतो. नीट सांभाळला तर तो आठ ते बारा वर्षे जगतो. सुट्टीपुरते आणलेले खेळणे ते नव्हे.

अटी कशासाठी?

निवारा केंद्रे ज्या अटी घालतात त्यांमागे कारणे आहेत. मुख्य अटी चार.

पहिली जागेची. ब्रिटनमधील 'रॅबिट वेल्फेअर असोसिएशन अँड फंड' ही संस्था सशांच्या जोडीसाठी किमान ३ मीटर लांब, २ मीटर रुंद आणि १ मीटर उंच अशी सलग जागा सांगते, आणि तीही चोवीस तास मोकळी. हिशेब केला तर ती ६ चौरस मीटर, म्हणजे सुमारे ६५ चौरस फूट होते. याउलट बागेच्या कोपऱ्यात ठेवले जाणारे ४ फूट बाय २ फुटांचे लाकडी खुराडे अवघे ८ चौरस फुटांचे. एक माप दुसऱ्याच्या आठपट!

दुसरी अट सोबतीची. एकटा ससा कुढतो. म्हणून बरीच केंद्रे ससे जोडीनेच देतात, किंवा ज्याच्या घरी आधीच एक ससा आहे त्यालाच दुसरा देतात. ही जोडीही सहज जुळत नाही. अनोळखी ससे एकदम एकत्र सोडले तर एकमेकांना रक्तबंबाळ करतात. त्यांची ओळख तिऱ्हाईत जागेत, हळूहळू करून द्यावी लागते.

तिसरी अट नसबंदीची. सशिणीचा गर्भकाळ सुमारे ३१ दिवसांचा, आणि विल्यानंतर काही तासांतच ती पुन्हा गाभण राहू शकते. लहान पिल्लांमध्ये नर-मादी ओळखणे अवघड असल्याने 'दोन बहिणी' म्हणून आणलेल्या जोडीला महिन्या-दोन महिन्यांत पिल्ले होतात, हा नेहमीचा अनुभव. शिवाय नसबंदी न केलेल्या प्रौढ माद्यांमध्ये गर्भाशयाचा कर्करोग पुष्कळ प्रमाणात आढळतो.

चौथी अट लस आणि आहार यांची. मिक्सोमॅटोसिस हा रोग ब्रिटनमध्ये १९५३ साली शिरला. पुढे रक्तस्रावी रोगाचे दोन प्रकार आले. या तिन्हींवर लस आहे; रोग जडल्यावर मात्र नेमका उपाय नाही. आहाराचे म्हणाल तर सशाचे दात जन्मभर वाढतात आणि ते झिजण्यासाठी त्याचे बहुतेक पोट गवतावर, वाळलेल्या चाऱ्यावर भरले पाहिजे. चित्रांतून गाजर हे सशाचे अन्न होऊन बसले आहे. खरे तर त्यात साखर अधिक, म्हणून ते क्वचितच द्यावे.

दोन केंद्रे, दोन मापे

आता उदाहरणादाखल दोन काल्पनिक केंद्रे घेऊ. केंद्र 'क' घराची पाहणी करते, जागा मोजते, ससे जोडीनेच देते, नसबंदी आणि लस झाल्याशिवाय ससा बाहेर सोडत नाही आणि पुढे केव्हाही अडचण आली तर ससा परत घेण्याचे लेखी मान्य करते. केंद्र 'ख' एक अर्ज भरून घेते, शुल्क घेते आणि संध्याकाळी ससा खोक्यात घालून देते. नसबंदी नंतर करून घ्या, असे तोंडी सांगते.

दोन्ही केंद्रांच्या दारावरची पाटी सारखीच: 'प्राणी-निवारा'. येणाऱ्याला फरक कळायचा कसा? त्याला वाटते, संस्था भल्या कामाची आहे, म्हणजे ती सांगते ते बरोबरच असणार. ज्याला 'ख' केंद्राने छोटे खुराडे चालेल म्हणून सांगितले, तो माणूस वाईट नसतो. त्याला चुकीचे माप दिलेले असते, एवढेच.

मापे वेगळी का?

याची कारणे तपासली तर कोणी एक दुष्ट सापडत नाही.

पहिले कारण संघटनेचे. प्राण्यांवरील क्रौर्य रोखणारी तेथील जुनी आणि मोठी संस्था १८२४ साली स्थापन झाली; पण तिच्याही स्थानिक शाखा स्वतंत्र धर्मादाय संस्था म्हणून नोंदलेल्या आहेत. प्रत्येकीचे कार्यकारी मंडळ वेगळे, निधी वेगळा. यांखेरीज कित्येक लहान केंद्रे एखाद-दोन व्यक्ती आपल्या घरामागच्या जागेत चालवतात. जेथे हात कमी, तेथे घरभेटी कोण देणार?

दुसरे कारण सशाच्या स्थानाचे. निवारा केंद्रांची जी संघटना १९८५ साली निघाली, तिच्या इंग्रजी नावात कुत्री आणि मांजरे होती. ससा या पंक्तीत नेहमी तिसरा. त्याच्याविषयीचे ज्ञानही मागाहून वाढले. एके काळी ६ फूट लांबीचे खुराडे आणि जोडीला धावण्याची जाळी हे चांगले माप समजले जाई. आज ते अपुरे मानतात. ज्यांनी जुने पत्रक छापून ठेवले ते जुनेच माप सांगत राहतात.

तिसरे कारण पैशाचे. सशाची नसबंदी हे कौशल्याचे आणि खर्चाचे काम आहे. दुसरीकडे केंद्र भरलेले, बाहेर प्रतीक्षायादी. एक ससा लवकर गेला तर एक पिंजरा रिकामा होतो आणि रस्त्यावरच्या दुसऱ्या सशाला आत घेता येते. अशा वेळी अट सैल करण्याचा मोह होणे साहजिक आहे.

कायदा काय म्हणतो?

इंग्लंड आणि वेल्स यांच्यासाठी २००६ साली प्राणी कल्याण कायदा झाला. त्यानुसार प्राणी पाळणाऱ्याने त्याच्या पाच गरजा भागवल्याच पाहिजेत: योग्य जागा, योग्य आहार, स्वाभाविक वागण्याची मोकळीक, गरजेप्रमाणे सोबत किंवा एकांत, आणि दुखण्यापासून व रोगापासून रक्षण. तत्त्व उत्तम आहे. पण 'योग्य जागा' म्हणजे किती फूट, हे या कायद्यात नाही.

पुढे २०१८ साली इंग्लंडात प्राणी विकणारी दुकाने, कुत्र्यांची पैदास करणारे वगैरेंसाठी परवान्याचे नवे नियम आले. निवारा केंद्रे मात्र त्यांत आली नाहीत. म्हणजे ससा विकणाऱ्याला परवाना आणि तपासणी, पण ससा दत्तक देणाऱ्याला या नियमांखाली काहीच नाही. वेल्सने २००९ साली सशांच्या पालनाची अधिकृत संहिता काढली. इंग्लंडात कुत्रा, मांजर आणि घोडा यांच्या संहिता सरकारने काढल्या. सशासाठी संसद सदस्यांच्या सर्वपक्षीय गटाने २०२१ साली संहिता काढली, ती मार्गदर्शक आहे, बंधनकारक नव्हे. स्कॉटलंड याहून पुढे गेले. तेथे १ सप्टेंबर २०२१ पासून निवारा व दत्तक देण्याच्या कामाला परवाना लागू झाला आणि सशांच्या पैदाशीलाही. एकाच बेटावर तीन प्रांत, तीन पद्धती.

कडक की सैल?

अर्थशास्त्राच्या तासाला आपण ग्रेशॅमचा नियम शिकतो: वाईट नाणे चांगल्या नाण्याला चलनातून हुसकावून लावते. दोन्ही नाण्यांवर किंमत एकच छापलेली असली म्हणजे लोक हलके नाणे पुढे करतात. येथेही तसेच होते. 'निवारा' हे एकच नाव असल्यामुळे माणूस जेथे कमी विचारपूस, तेथे जातो. कडक केंद्रात गर्दी साठते आणि सैल केंद्राचे आकडे वर्षाअखेरच्या अहवालात शोभून दिसतात. त्या अहवालात किती ससे गेले हे असते. त्यांतले किती परत आले किंवा दुसऱ्याच्या दारात गेले, हे कळत नाही.

मग सर्वांनी 'क' केंद्रासारखे कडक व्हावे काय? येथे दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. ज्याला केंद्राने नकार दिला तो माणूस गप्प बसत नाही. तो दुकानातून किंवा जाहिरात पाहून ससा आणतो, आणि त्या सशाला ना लस ना नसबंदी. शिवाय काही अटी सशाच्या गरजेपेक्षा घराच्या ऐटीवर बेतलेल्या असतात. ज्याच्याकडे बाग नाही त्याला नकार आणि बाग असलेल्याने खुराडे ठेवले तरी होकार, हा कसला न्याय? घरातली एक आख्खी खोली सशांना मोकळी देणाऱ्याकडे ६ चौरस मीटर जागा सहज निघते. माप सशाच्या गरजेचे हवे, मालकाच्या मालमत्तेचे नको.

तेव्हा वाद कडक की सैल असा नाहीच. हवा आहे तो सर्वांना समान असा तळ. आपल्याकडे पूर्वी पायली आणि शेर गावोगाव वेगळे असत. १९५६ च्या कायद्याने मेट्रिक वजने-मापे आली आणि रविवार पेठेतला किलो व हुबळीचा किलो एक झाला. म्हणून कोणा व्यापाऱ्याला चांगला माल ठेवण्याची बंदी झाली नाही. फक्त किलोच्या खाली कोणी किलो म्हणू शकेना. सशांच्या बाबतीत असा तळ आखणे अवघड नाही: दिलेली जागा मोजलेली असावी, ससा एकटा पडू नये, नसबंदी व लस देण्यापूर्वी झालेली असावी, आणि तो परत घेण्याची हमी लेखी असावी. त्यावर कोणाला अधिक अटी घालायच्या असतील तर घालाव्यात. खर्च न पेलणाऱ्या लहान केंद्रांना मोठ्यांनी किंवा सरकारने नसबंदीसाठी मदत करावी, नाहीतर तळ कागदावरच राहील. आणि तपासणी हवी, कारण तपासणीवाचून परवाना हा नुसता शिक्का.

आता कोणी म्हणेल, सशासारख्या क्षुद्र जिवासाठी एवढा खटाटोप कशाला? त्याचे उत्तर व्यवहाराच्याच भाषेत देता येईल. वाण्याने माप मारले तर गिऱ्हाईक भांडते, ग्राहक आयोगाकडे जाते. बाजारातली बरीचशी शिस्त या तक्रारींवर उभी आहे. ससा हा शिकार होणारा प्राणी; आपले दुखणे शत्रूला कळू नये म्हणून तो ते लपवतो. पोट बंद पडले तरी कोपऱ्यात निमूट बसतो, आणि एवढ्यावरही कोणी ओळखले नाही तर एक-दोन दिवसांत मरतो. ज्याच्याकडून तक्रार कधीच येणार नाही, त्याचे माप दुसऱ्यांनी आधीच पक्के करून ठेवावे लागते.