आधी पाय बघा

सह्याद्रीच्या दाट रानात गरुड अख्खा दिसतो कधी? पानांआडून एखादी तंगडी, नाहीतर डोक्यावरून सरकलेली सावली. रंगावर तर मुळीच भिस्त ठेवू नका. एकटा मधुबाजच फिकट पांढुरक्यापासून जवळजवळ काळ्यापर्यंत नाना छटांत भेटतो. त्याची खूण म्हणजे लांब मान आणि कबुतरासारखं लहान डोकं.

बसलेल्या पक्ष्याचे पाय बघा. मोरघारीच्या पायांत बोटांपर्यंत पिसांची विजार असते. सर्पगरुडाचे पाय उघडे, पिवळे. चोच आणि डोळा यांमधली कातडीही पिवळीधमक. तो उडाला की पंखांखाली रुंद पांढरा पट्टा दिसतो. अर्थात, दिसण्याआधी बहुधा त्याची शीळच ऐकू येते.

झाडांच्या शेंड्यांलगत, पंख क्वचितच हलवत कोणी काळाकुट्ट तरंगत असेल, तर तो काळा गरुड. घरटी धुंडाळून अंडी-पिल्लं उचलतो. त्याचे पंख अंगाशी अरुंद, पुढे रुंद.

शिक्रा गावातही दिसतो, म्हणून जंगलातला प्रत्येक छोटा शिकारी आपण ‘शिक्रा’ म्हणून नोंदवून टाकतो. गळ्यावरची मधली रेघ जाड, ठळक असेल तर जरा थांबा. तो बेसरा असू शकतो.