ग्राहकाकडून पैसे घ्यायचे कसे?

घरचा फराळ किंवा हातमागाच्या पिशव्या ऑनलाइन विकणाऱ्यांना थेट यूपीआय सर्वांत स्वस्त. बँक खात्यातून होणाऱ्या यूपीआय व्यवहारांवर जानेवारी २०२० पासून व्यापाऱ्याला एमडीआर, म्हणजे व्यवहारामागचं शुल्क, नाही. कार्डासाठी पेमेंट गेटवे लागतो. त्याने २ टक्के शुल्क लावलं, तर हजाराच्या ऑर्डरमागे २० रुपये गेले. किंमत ठरवतानाच ते धरा.

‘कॅश ऑन डिलिव्हरी’ने ऑर्डरी वाढतात खऱ्या, पण पार्सल नाकारलं की जाण्यायेण्याचा कुरिअर खर्च बहुधा विक्रेत्याच्याच माथी. चकली-करंजीला तर ही सोय नकोच!

पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट हा पुरावा नव्हे; खात्यात जमा दिसल्यावरच माल पाठवा. पैसे स्वीकारायला यूपीआय पिन लागत नाही. कुणी मागितलाच तर व्यवहार तिथेच थांबवा.