ॲक्टिव्हिजन

व्हिडिओ खेळांची निर्मिती व प्रकाशन करणारी अमेरिकन कंपनी. दुसऱ्या कंपनीच्या खेळयंत्रासाठी स्वतंत्रपणे खेळ तयार करून विकणारी ही पहिली कंपनी मानली जाते. स्थापना १ ऑक्टोबर १९७९ रोजी कॅलिफोर्निया राज्यात.

अटारी कंपनीने १९७७ मध्ये दूरचित्रवाणी संचाला जोडावयाचे खेळयंत्र बाजारात आणले. त्याचे खेळ सुट्या कार्ट्रिजमध्ये साठविलेले असत. खेळाची कल्पना, चित्रे, ध्वनी व आज्ञावली ही सर्व कामे बहुधा एकच व्यक्ती करी. तथापि तिचे नाव खेळावर छापले जात नसे आणि विक्रीतील वाटाही तिला मिळत नसे. या धोरणाला कंटाळून डेव्हिड क्रेन, ॲलन मिलर, बॉब व्हाइटहेड व लॅरी कॅप्लन हे आज्ञावलीकार अटारीतून बाहेर पडले. ध्वनिमुद्रिकांच्या व्यवसायाचा अनुभव असलेल्या जिम लेव्ही यांच्यासह त्यांनी ॲक्टिव्हिजन उभारली. पुस्तकावर लेखकाचे नाव असते, त्याप्रमाणे खेळावर कर्त्याचे नाव देण्याची प्रथा तिने पाडली.

अटारीने १९८० मध्ये तिच्याविरुद्ध दावा लावला. तो १९८२ मध्ये तडजोडीने मिटला व स्वामित्वशुल्क देऊन यंत्रनिर्मात्याबाहेरच्यांनी खेळ विकण्याचा मार्ग मोकळा झाला.

क्रेन यांचा पिटफॉल (१९८२) हा खेळ विशेष गाजला. यंत्राची कार्यकारी स्मृती अवघी १२८ बाइट, तर कार्ट्रिजची मर्यादा ४,०९६ बाइट होती. त्यामुळे जंगलाची २५५ दृश्ये साठविणे अशक्य होते. क्रेन यांनी प्रत्येक दृश्याला आठ बिटांची संख्या दिली. तिचे बिट ठरावीक नियमाने सरकवले असता पुढील दृश्याची संख्या मिळे आणि त्या बिटांवरूनच झाडे, खड्डे व संकटे ठरत.

मात्र मोकळ्या झालेल्या बाजारात अनेक नवे उत्पादक शिरले, निकृष्ट खेळांचा सुकाळ झाला आणि १९८३ मध्ये अमेरिकेतील हा व्यवसाय कोसळला. ॲक्टिव्हिजनलाही त्याची झळ बसली. तिने १९८६ मध्ये इन्फोकॉम ही कंपनी घेतली व १९८८ मध्ये मीडियाजेनिक हे नाव धारण केले. परंतु तोटा थांबला नाही. १९९१ मध्ये बॉबी कॉटिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी कंपनीचा ताबा घेतला. दिवाळखोरीच्या कायद्याखाली पुनर्रचना होऊन १९९२ मध्ये मूळ नाव परत आले.

कॉल ऑफ ड्यूटी (२००३ पासून) या मालिकेने कंपनीला मोठे यश दिले. २००८ मध्ये व्हिवेंडीच्या खेळविभागाशी झालेल्या एकत्रीकरणातून ॲक्टिव्हिजन ब्लिझर्ड ही कंपनी अस्तित्वात आली. सुमारे ६,८७० कोटी डॉलरच्या व्यवहारात मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२३ रोजी ती विकत घेतली. यंत्रनिर्मात्यापासून वेगळे होऊन सुरू झालेली ही संस्था अशा रीतीने पुन्हा एका यंत्रनिर्मात्याच्या मालकीची झाली. तथापि खेळाच्या कर्त्याला श्रेय देण्याची तिने पाडलेली प्रथा या व्यवसायात रूढ झाली आहे.