वाळूवरच्या गाडीचे वंगण

वंगण हा शब्द आपल्याकडे बैलगाडीच्या आसापासून चालत आलेला आहे. आस आणि चाक यांच्यामधले घर्षण कमी करायचे, एवढेच त्याचे काम. त्यामुळे वंगण जितके बुळबुळीत तितके उत्तम, ही समजूत इतकी पक्की बसलेली असते की ती तपासून पाहावी असे कुणाला वाटत नाही. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. यंत्रांचे जे काही शिकलो ते गॅरेजांतल्या बाकड्यांवर बसून आणि गाड्यांच्या माहितीपुस्तिका वाचून. त्या वाचनात एटीव्ही नावाच्या वाहनाने ही समजूत मोडीत काढली.

एटीव्ही म्हणजे नागाव, काशीद, दिवेआगरच्या किनाऱ्यांवर पर्यटकांना फेऱ्या मारून आणणारी, फुगीर टायरांची, हँडल असलेली चारचाकी. चाके मोजून कोणी तिला जीपची धाकटी बहीण समजेल. पण तिचे घराणे मोटरसायकलचे आहे. हिवाळ्यात मोटरसायकलींचा खप मंदावतो, तेव्हा विकायला काहीतरी हवे, म्हणून होंडा कंपनीने १९७० मध्ये अमेरिकेत अशी तीनचाकी बाजारात आणली. तीनचाकी कलंडत असे. अपघात वाढले, आणि १९८८ मध्ये तिथल्या सरकारशी झालेल्या तडजोडीनुसार कंपन्यांनी नव्या तीनचाकींची विक्री थांबवली. तोवर सुझुकीने आणलेली चारचाकी रुळली होती. चाके वाढली, इंजिनाची ठेवण मात्र मोटरसायकलचीच राहिली. तेलाचा सगळा घोळ इथून सुरू होतो.

मोटारीत इंजिनाचे तेल वेगळे, गिअरबॉक्सचे वेगळे, आणि हाताने गिअर टाकायच्या गाडीत क्लच बहुतेक वेळा कोरडा. किनाऱ्यावरच्या लहान एटीव्हींत मात्र जेमतेम लिटरभर तेल असते आणि पिस्टन, गिअर व क्लच या तिघांनी ते वाटून घ्यायचे असते. पिस्टनला आणि गिअरच्या दात्यांना घसरायला हवे असते. क्लचला धरायला हवे असते. तेलात न्हाऊन निघालेल्या दोन पृष्ठभागांनी एकमेकांना घट्ट पकडून इंजिनाची ताकद चाकांपर्यंत पोचवायची, हे काम बैलगाडीच्या वंगणाला कधी कोणी सांगितले नव्हते.

१९९० च्या दशकात मोटारींचे इंधन वाचवण्यासाठी त्यांच्या तेलांत घर्षण आणखी घटवणारी द्रव्ये वाढू लागली. मॉलिब्डेनमची काही संयुगे त्यांतलीच. मोटारीचा त्यात फायदा झाला, ओल्या क्लचची पकड मात्र सुटण्याचा धोका निर्माण झाला. म्हणून त्या दशकाच्या अखेरीस जपानमध्ये चारफेरी (फोर-स्ट्रोक) मोटरसायकलींच्या तेलासाठी 'जासो' हे स्वतंत्र मानक आले. त्यात तेल लावलेल्या क्लचप्लेटा यंत्रावर प्रत्यक्ष फिरवून घर्षण मोजतात. पुरेशी पकड राहिली तर 'एमए', कमी राहिली तर 'एमबी'. ओला क्लच नसलेल्या स्कूटरना एमबी चालते. २००६ च्या आवृत्तीत एमएचे आणखी दोन भाग झाले. त्यांत एमए-२ ची पकड अधिक. डब्याच्या मागे बारीक अक्षरांत छापलेला हा शिक्का, पुढच्या बाजूच्या 'फुल्ली सिंथेटिक' या सोनेरी अक्षरांपेक्षा मला महत्त्वाचा वाटतो.

रायगडच्या किनाऱ्यावर चार गाड्या चालवणारे माझे एक स्नेही आहेत. पावसाळा संपल्यापासून मेअखेरपर्यंत जे मिळेल त्यावर त्यांचे वर्ष. कोणीतरी सांगितले म्हणून त्यांनी दोन गाड्यांत मोटारीचे भारी, पातळ तेल भरले. काही दिवसांतच गाडी रेस घ्यायची, पण मऊ वाळूच्या चढावर ओढायची नाही. ऐन डिसेंबरात मिस्त्रीने इंजिन उघडून क्लच बदलायचा खर्च सांगितला. आधी तेल बदलून पाहू, असे ठरले. एमए-२ तेल भरून थोडे चालवले, काढून टाकले, पुन्हा नवे भरले. एक गाडी सुधारली. दुसरीच्या क्लचचे अस्तर एव्हाना जळले होते; ती हंगामातले तीन आठवडे उभी राहिली.

डब्यावरच्या आकड्यांविषयी सगळे बोलतात, म्हणून थोडक्यात. १०डब्ल्यू-४० मधला 'डब्ल्यू' हिवाळ्याचा. १०डब्ल्यू तेलाची थंडीतली चाचणी उणे २५ अंशांना होते, २०डब्ल्यूची उणे १५ ला. द्रासमध्ये गाडी सुरू करायची असेल तर हा विचार हवा. अलिबागला त्याची फारशी गरज नाही. आपल्यासाठी दुसरा आकडा मोलाचा: १०० अंश तापमानाला ४० चे तेल १२.५ ते १६.३ सेंटीस्टोक्स दाट असते, ५० चे १६.३ ते २१.९. वाळूत वेग कमी, ओढ जास्त, आणि हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला वारा पुरेसा मिळत नाही. पुस्तिकेतल्या तापमानाच्या तक्त्यात उष्ण हवेसाठी ५० ला मुभा असेल, तर मी तेच घेईन. त्याहून जाड नको. उगाच जाड तेल वरच्या कॅमपर्यंत उशिरा पोचते.

शिवाय हा दाटपणा टिकत नाही. थंड-उष्ण दोन्ही सांभाळणाऱ्या तेलात लांबलचक रेणूंची पॉलिमर असतात, आणि गिअरचे दाते ती अक्षरशः चिरडून तोडतात. म्हणून मोटारीत बराच काळ टिकणारे तेल इथे लवकर पातळ होते.

जुने मिस्त्री ट्रक-ट्रॅक्टरचे १५डब्ल्यू-४० डिझेल तेल सुचवतात, त्यांना हसू नये. त्या तेलांत घर्षण घटवणारी द्रव्ये सहसा नसतात, त्यामुळे क्लच सहसा घसरत नाही; काहींवर एमएचा शिक्काही असतो. तो असेल तर घ्यावे.

पट्ट्यावर चालणाऱ्या मोठ्या एटीव्हींचे गणित वेगळे. पट्टा कोरड्या कप्प्यात असतो, पण काहींत त्याच्या जोडीला ओला क्लच असतो, काहींत गिअरचे तेल निराळे. तिथे पुस्तिकेशिवाय अंदाज करू नये.

तेल बदलायचे ते तासांवर, किलोमीटरवर नव्हे. दिवसभर किनाऱ्यावर घुटमळणारी गाडी अंतर फार कापत नाही, इंजिन मात्र सतत फिरत असते. तासांचे मीटर नसेल तर फेऱ्यांच्या वहीतून हिशेब निघतो. एअर फिल्टर वाळू आत सोडत असेल तर कुठलेच तेल रिंगांना वाचवू शकत नाही, म्हणून तेलाच्या आधी तो पाहावा. आणि लाटेत घातलेली गाडी परत आली की दांडी बाहेर काढून तेलाचा रंग बघावा. दुधाळ चहासारखा दिसला तर आत पाणी शिरले आहे. मग ते तेल त्याच संध्याकाळी काढायचे, दुसऱ्या दिवशीचे गिऱ्हाईक कितीही पक्के असले तरी.