मेंदूचे विकार : लेखांक सातवा — पक्षाघाताची पूर्वसूचना

मेंदूस रक्त पुरविणाऱ्या धमन्यांची जी मांडणी गेल्या लेखांकात वर्णिली, ती ध्यानात ठेवणाऱ्यास पक्षाघाताचा झटका आलेल्या रोग्याकडे पाहताच व्याधीचे स्थान बव्हंशी ताडता येते. मधली धमनी अडली म्हणजे एका बाजूचा चेहरा व हात हे पायापेक्षा अधिक लुळे पडतात, पुढची अडली तर पायच आधी जातो. आणि आघात डाव्या गोलार्धावर झाला असेल तर बहुतेकांची वाचाही बसते. १८६१ साली पॉल ब्रोका याने ज्या रोग्याचा मेंदू मृत्यूनंतर पॅरिसमध्ये तपासला, त्याला दुसऱ्याचे बोलणे बरेचसे समजत असूनही वर्षानुवर्षे 'तान' या एकाच अक्षराखेरीज फारसे काही उच्चारता येत नसे.

शंका आल्यास रोग्यास डोळे मिटून, तळवे वर करून, दोन्ही हात समोर धरावयास सांगावे. दुबळा हात सावकाश खाली उतरतो व त्याचा तळवा आत वळू लागतो.

मेंदूच्या मागील भागातील आघात मात्र फसवा असतो. अकस्मात भोवळ, वांती, एका वस्तूच्या दोन दिसणे, चालताना तोल जाणे अशी लक्षणे होतात, पण हातपाय हलत असल्यामुळे घरची मंडळी पित्त झाले असे समजून रोग्यास आल्याचा रस देऊन निजवितात, आणि अमूल्य वेळ दवडला जातो. गुठळी विरघळविणारे औषध साधारणतः साडेचार तासांच्या मुदतीतच देता येते, तेही मेंदूत रक्तस्राव नसल्याची सी.टी. स्कॅनने खात्री झाल्यावर; म्हणून घरी तोंडावाटे काहीही न देता रोग्यास थेट मोठ्या रुग्णालयात न्यावे. लक्षणे काही मिनिटांत ओसरली तरी हयगय करू नये, कारण खरा झटका येण्याचा धोका पुढील दोन दिवसांत सर्वाधिक असतो.

आघात अकस्मात होत असला तरी त्याची पूर्वतयारी पुष्कळदा वर्षानुवर्षे चाललेली असते. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या वैद्यकीय दप्तरात रक्तदाबाची नोंद १९३५ साली १३६/७८, १९३७ साली १६२/९८ आणि १९४१ साली १८८/१०५ अशी चढत गेलेली आढळते. १२ एप्रिल १९४५ रोजी डोके असह्य दुखत असल्याची तक्रार करून ते बेशुद्ध झाले, तेव्हा दाब ३००/१९० भरला, आणि काही तासांतच मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचा अंत झाला. त्या काळी मीठ कमी करणे, विश्रांती व झोपेची औषधे यांपलीकडे वैद्यांच्या हाती फारसे काही नव्हते, त्यामुळे त्यांना दोष देववत नाही.

आज दाब उतरविणाऱ्या गोळ्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातही मिळतात, आणि तरीही बरे वाटू लागताच गोळी परस्पर बंद करणारे रोगी घरोघर आहेत, याचे अतीव दुःख होते. मधुमेह, तंबाखू व मिश्री, तसेच नाडीची अनियमित गती, जिच्यामुळे हृदयात गुठळी होऊन ती मेंदूकडे वाहत जाते, यांचाही बंदोबस्त अवश्य करावा. परंतु पक्षाघाताच्या कारणांत अग्रमान उच्च रक्तदाबाचाच आहे. वाचकांना आग्रहाची विनंती ही की, पुढील लेखांक हाती पडण्यापूर्वी घरातील प्रत्येक प्रौढ माणसाचा रक्तदाब मोजवून घ्यावा आणि चालू असलेली गोळी डॉक्टरांना विचारल्यावाचून सोडू नये.