ओलांडण्यापूर्वीचा हिशेब

दोनपदरी रस्त्यावर मालमोटार ताशी ४० किलोमीटर वेगाने चालली आहे आणि मागून ताशी ६० च्या वेगाने येणारी मोटार तिला ओलांडू पाहते. वेगांतील फरक केवळ २० किलोमीटरचा, म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर. मालमोटारीची लांबी आणि पुढेमागे सोडावयाचे अंतर मिळून ४० मीटर धरले, तरी सात सेकंद लागतात. तेवढ्या वेळात मोटार १२० मीटर पुढे जाते आणि समोरून त्याच वेगाने येणारे वाहनही तितकेच जवळ येते. म्हणजे २४० मीटर रस्ता मोकळा दिसला पाहिजे. सुरक्षिततेची शिल्लक त्याहून वेगळी. वळणावर किंवा चढाच्या माथ्यावर एवढा रस्ता दिसतच नाही, म्हणून तेथे ओलांडण्यास मनाई आहे.

ओलांडावे ते उजव्या बाजूने. पुढील चालक उजवीकडे वळण्याचा इशारा देऊन रस्त्याच्या मध्याकडे सरकला असेल, तरच डावीकडून जाता येते. ज्याला ओलांडले जात आहे त्याने वेग वाढवू नये, हाही नियमच आहे. पण तेथे अनेकांचा अभिमान आडवा येतो. २०१९ च्या दुरुस्तीने नियमबाह्य ओलांडणे हे धोकादायक वाहनचालनात गणले गेले आहे.

माल घेऊन निघालेल्या टेम्पोचालकाला पेढीवरून वारंवार दूरध्वनी जातो, "कुठवर आलास?" चालकाची अधीरता पुष्कळदा तेथूनच सुरू होते. वस्तुतः मालमोटारीमागे दहा किलोमीटर निमूट राहिल्यास उशीर होतो तो पाच मिनिटांचा.